नळाचं पाणी, बोअरचं पाणी : जड म्हणजे काय, घाण म्हणजे काय आणि घरात ओळखायचं कसं?

रोशन गेट, किराडपुरा, बायजीपुरा, जिन्सी. औरंगाबादच्या (सरकारी कागदावर आता छत्रपती संभाजीनगर) या जुन्या मोहल्ल्यांत कोणत्याही घरी जा. चहाची पातेली आतून पांढरी झालेली दिसेल, बाथरूमच्या नळावर चुन्यासारखा थर दिसेल आणि घरातली कोणी ना कोणी खाला म्हणेल, "पानी बहुत भारी है, इसी से बच्चे बीमार पडते." आम्ही शाळेत विज्ञान शिकवतो. हे वाक्य आम्ही पालकसभेत इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यावर नीट लिहायला हवं असं वाटलं.

या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. पाणी जड असणं वेगळं आणि पाणी दूषित असणं वेगळं. जड पाणी डोळ्यांना दिसतं, हाताला कळतं, पण त्यानं माणूस सहसा आजारी पडत नाही. दूषित पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ दिसू शकतं आणि कावीळ, टायफॉइड, जुलाब घरात आणतं. आपल्या मोहल्ल्यांत बहुतेक पैसा पहिल्या गोष्टीवर खर्च होतो आणि दुसरीकडे लक्षच जात नाही. ही गफलत दूर व्हावी म्हणून हा लेख.

आपलं पाणी येतं कुठून?

शहरातल्या घरांत साधारण चार प्रकारचं पाणी येतं.

पहिलं नळाचं. ते पैठणजवळ गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी धरणातून, म्हणजे नाथसागरातून येतं. धरण शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर आणि शहरापेक्षा सखल भागात आहे, म्हणून पाणी पंपानं वर चढवावं लागतं. वाटेत फारोळा इथल्या जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी, गाळणी आणि क्लोरीन असे संस्कार होतात, मग नक्षत्रवाडीमार्गे ते शहरातल्या टाक्यांत येतं. अनेक वर्षं हे सगळं ७०० मिलिमीटर आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या दोन जुन्या जलवाहिन्यांवर चाललं. थोडा भाग हर्सूल तलावातून येतो.

दुसरं बोअरचं किंवा विहिरीचं. तिसरं टँकरचं, जे कधी नळाचं असतं तर कधी कुणाच्या बोअरचं. चौथं जारचं, म्हणजे वीस लिटरच्या थंड पाण्याच्या कॅनमधलं.

या शहराचा पाण्याशी संबंध जुना आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं इथं नहर-ए-अंबरी काढली. डोंगराच्या बाजूचं जमिनीतलं पाणी उताराचा फायदा घेत भूमिगत मार्गानं शहरात आणलं, पंप नाही की मोटर नाही. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की याच पद्धतीच्या नहरीवर फिरायची. आम्ही दरवर्षी मुलांना तिथं नेतो आणि एकच गोष्ट दाखवतो: पाणी झाकलेलं आहे आणि वाहतं आहे. आजच्या आपल्या अडचणीचं मूळ या दोन शब्दांत आहे. आपलं पाणी वाहत नाही, अनेक दिवसांच्या खंडानंतर येतं, आणि मग घरात साठून राहतं.

पाणी जड का होतं?

मराठी पुस्तकात याला कठीण पाणी म्हणतात, बोलताना आपण जड किंवा भारी म्हणतो. त्यात मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या दोन धातूंचे क्षार विरघळलेले असतात.

आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट आहे. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. हे पाणी खडकाच्या भेगांतून महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे मुरतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेतं. म्हणून बोअर जितकं खोल आणि पाणी जितका जास्त काळ खडकात राहिलेलं, तितकं ते साधारणपणे जड. धरणाचं पाणी बरंचसं पावसाचं वाहून आलेलं असतं, त्याचा खडकाशी संबंध कमी काळ येतो, म्हणून ते बोअरच्या मानानं हलकं असतं. ज्या घरात पातेलं पांढरं होतं तिथं विचारलं तर बहुतेक वेळा बोअरचं किंवा टँकरचं पाणी निघतं.

जडपणाचे दोन प्रकार आहेत. एक तात्पुरता: बायकार्बोनेट क्षारांमुळे असतो, पाणी उकळलं की कमी होतो. ते क्षार पांढऱ्या थराच्या रूपात पातेल्याच्या तळाला बसतात. म्हणजे पातेल्यातला तो थर पाण्यातून बाहेर पडलेला जडपणाच आहे. दुसरा कायमचा: सल्फेट आणि क्लोराइड क्षारांमुळे असतो, तो उकळून जात नाही. तुरटी फिरवून दोन्हींपैकी एकही जात नाही, तुरटी फक्त गाळ खाली बसवते.

आकडे कसे वाचायचे?

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १०५०० हे मानक आहे, त्याची चालू आवृत्ती २०१२ ची. त्यात बऱ्याच घटकांसाठी दोन आकडे असतात. पहिला म्हणजे पाणी इतपत असावं. दुसरा म्हणजे दुसरा कोणताच स्रोत नसेल तर इथपर्यंत चालवून घ्यावं. प्रयोगशाळेचा कागद हातात आला की या ओळी बघा (आकडे एका लिटरमध्ये मिलीग्राम):

– एकूण कठीणपणा: २००, नाइलाजानं ६०० पर्यंत
– कॅल्शियम: ७५, नाइलाजानं २००
– मॅग्नेशियम: ३०, नाइलाजानं १००
– टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार): ५००, नाइलाजानं २०००
– क्लोराइड: २५०, नाइलाजानं १०००
– फ्लोराइड: १, नाइलाजानं १.५
– नायट्रेट: ४५, यात सूट नाही
– पीएच: ६.५ ते ८.५, यातही सूट नाही
– गढूळपणा: १ एकक, नाइलाजानं ५
– शिल्लक क्लोरीन: नळाशी किमान ०.२
– ई. कोलाय जंतू: १०० मिलिलिटर पाण्यात एकही सापडता कामा नये

ही यादी दोनदा वाचली की एक गोष्ट लक्षात येते. कठीणपणासाठी सूट तिप्पट आहे, टीडीएससाठी चौपट. जंतूंसाठी आणि नायट्रेटसाठी अजिबात नाही. घाबरायचं कुठं आणि कुठं नाही, हे मानकानंच सांगितलं आहे.

जड पाण्यानं आजार होतो का?

जागतिक आरोग्य संघटनेनं कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच.

"मग मुतखडा?" हा प्रश्न हमखास येतो. मुतखड्यामागचं मोठं कारण पाणी कमी पिणं हे आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, त्यात रोजे उन्हाळ्यात आले तर, लघवी घट्ट होते आणि खडे बनायला वाव मिळतो. त्यामुळे "पाणी जड आहे" म्हणून कमी पिणं हा उलटा उपाय झाला. ज्यांना आधी खडा झाला आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावं, पण इफ्तारपासून सहरीपर्यंत थोडं थोडं करून भरपूर पाणी पिणं सगळ्यांसाठी चांगलं.

त्वचा आणि केसांचं काय? जड पाण्यात साबणाचा फेस कमी होतो आणि एक चिकट साका तयार होतो. तो अंगावर, केसांत राहतो, त्वचा कोरडी वाटते. लहान मुलांच्या एक्झिमाचा जड पाण्याशी संबंध असावा असं काही पाहण्यांत दिसलं होतं. मात्र ब्रिटनमध्ये एक्झिमा असलेल्या ३३६ मुलांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०११ मध्ये आले, आणि घरात पाणी मऊ करणारं यंत्र बसवून मुलांच्या एक्झिमात फायदा दिसला नाही. म्हणून फक्त त्वचेसाठी महागडं यंत्र घेण्याआधी विचार करा. साबण नीट धुवून काढणं, नंतर तेल किंवा मलम लावणं हे स्वस्त आणि उपयोगी.

जड पाण्याचा खरा त्रास खिशाला आहे. गिझरच्या कॉइलवर थर बसतो आणि वीज जास्त जळते. सोलर हीटरच्या नळ्या तुंबतात. साबण, पावडर जास्त लागते. डाळ शिजत नाही, गॅस जातो.

घरातले छोटे उपाय

डाळ, छोले, राजमा नळाच्या पाण्यात भिजवा आणि त्यातच शिजवा. बोअरचंच वापरायचं असेल तर ते आधी उकळून, गार करून, वरचं निवळलेलं घ्या. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या सालाला घट्ट धरून ठेवतं, म्हणून ती शिजत नाही. चिंच, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला.

चहावर येणारी तेलकट दिसणारी साय हा चहातले पदार्थ आणि कॅल्शियम यांचा खेळ आहे. ते विष नाही. चहात लिंबू पिळलं की ती नाहीशी होते.

स्टीलच्या पातेल्यातला थर काढायला थोडं व्हिनेगर किंवा लिंबूसत्व (बाजारात निंबू के फूल म्हणतात ते) पाण्यात घालून गरम करा, अर्धा तास ठेवा, धुवून टाका. नळाच्या जाळीला व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवा. अॅल्युमिनियमच्या भांड्यात आंबट पदार्थ घालून ठेवू नका.

इथं एक ताकीद. फरशीवरचे डाग काढायचं अॅसिड, व्हिनेगर किंवा लिंबूसत्व कधीही ब्लीचिंग पावडरबरोबर मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो.

गिझरचं तापमान कमी ठेवा. पाणी जितकं जास्त तापेल तितका थर जास्त बसतो.

खरा धोका कुठं आहे?

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या वर्गाची हजेरी अचानक कमी झाली. कारणाच्या रकान्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा, कावीळ. एका मुलाच्या अब्बूंना आम्ही भेटायला गेलो. ते म्हणाले, "सर, आमच्याकडे मशीन आहे. टीडीएस १२० आहे. पाणी खराब कसं असेल?" मीटर त्यांनी आमच्यासमोर ग्लासात घालून दाखवला. १२० च होता.

आम्ही घर पाहिलं. मशीन स्वयंपाकघरात होतं, पण मुलं खेळून आली की अंगणातल्या हौदातून मग बुडवून पाणी पीत. हौद जमिनीत, त्याचं झाकण फुटलेलं आणि हातभर अंतरावर उघडी नाली. मीटरमध्ये दोष नव्हता, दोष समजण्यात होता. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षार सांगतो. जंतू, विषाणू, नालीचं पाणी यांतलं काहीही त्याला दिसत नाही. हौदात नालीचे चार थेंब मिसळले तर मीटरचा आकडा हलणारही नाही.

खरं सांगायचं तर तेव्हा आम्हीही घरी नळाचं पाणी "क्लोरीनचा वास येतो" म्हणून टाळत होतो आणि बोअरचं पीत होतो, कारण ते स्वच्छ दिसायचं. चूक आमचीही होती.

दूषित पाणी घरात तीन वाटांनी येतं.

एक, रिकामी जलवाहिनी. पाणी सतत चालू असेल तर पाइपमध्ये दाब असतो, फुटक्या जागेतून पाणी बाहेर पडतं. पाणी बंद झालं की दाब जातो आणि त्याच फुटक्या जागेतून शेजारच्या नालीचं पाणी आत येतं. कुणी नळाला थेट मोटर लावली तर ती ही घाण ओढून आणते, स्वतःच्या घरात आणि शेजाऱ्याच्याही. म्हणून थेट मोटर लावणं हा फक्त नियमाचा भंग नाही, शेजाऱ्याच्या हक्काचाही प्रश्न आहे.

दोन, घरातला साठा. शुद्धीकरण केंद्रात घातलेलं क्लोरीन टाकीत दिवसेंदिवस कमी होत जातं. पाणी आठवडाभर पुरवायचं तर शेवटच्या दिवसांत त्यात रक्षण करणारं काहीच उरत नाही. त्यात बुडवलेला प्रत्येक मग, प्रत्येक हात जंतू सोडतो.

तीन, जुन्या वस्तीतलं बोअर. शौचालयाच्या टाक्या आणि फुटलेल्या ड्रेनेज जवळ असतील तर त्यांचं पाणी जमिनीत मुरून बोअरपर्यंत जातं. त्यातून जंतू येतात आणि नायट्रेटही. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळाला नायट्रेटचं पाणी घालून वरचं दूध दिलं तर त्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते, बाळ निळसर पडू शकतं. आणि नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. म्हणून लहान बाळाच्या दुधासाठी तपासणी न केलेलं बोअरचं पाणी, उकळलेलं असलं तरी, वापरू नका.

कावीळ हा साधा आजार समजू नका. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेतून जिथं पाणी उचलत होते तिथं सांडपाणी शिरलं. केंद्रात क्लोरीनही घातलं जात होतं, तरी सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. हा विषाणू हिपॅटायटिस ई होता हे पुष्कळ वर्षांनी समजलं. हाच आजार गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, झाला तर जिवावर बेतू शकतो. घरात सून किंवा बेटी गरोदर असेल तर तिचं पाणी उकळलेलंच असावं, यात चालढकल नको.

पाणी सुरक्षित कसं करायचं?

उकळणं. सगळ्यात खात्रीचा उपाय. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट तसंच राहू द्या. जंतू आणि विषाणू दोन्ही मरतात. मग त्याच भांड्यात, झाकून गार करा. दुसऱ्या भांड्यात ओतलं की पुन्हा घाण लागण्याची शक्यता येते.

क्लोरीन. औषधाच्या दुकानात आणि आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या क्लोरीनच्या थेंबांच्या बाटलीवर प्रमाण लिहिलेलं असतं, तेच पाळा. मोठ्या टाकीसाठी चांगल्या, ताज्या ब्लीचिंग पावडरचं ढोबळ प्रमाण १००० लिटरला २.५ ग्रॅम. पावडर थेट टाकीत टाकू नका. बादलीभर पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ तेवढं टाकीत ओता. एक तास थांबून मगच वापरा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीनं निवळवा, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. उघडी राहिलेली, ओलसर पावडर निकामी होते. थोडा वास येणं हे पाणी खराब असल्याचं लक्षण नाही, रक्षण शिल्लक असल्याचं लक्षण आहे.

कँडल फिल्टर. गाळ आणि बरेचसे जंतू थांबतात, पण काविळीचे विषाणू त्याच्या छिद्रांपेक्षा फार लहान असतात. त्यामुळे साथीच्या दिवसांत फक्त कँडलवर विसंबू नका.

यूव्ही. नळाचं स्वच्छ पाणी असेल तर चांगलं. क्षार काढत नाही, जंतू मारतं. गढूळ पाण्यात काम नीट होत नाही.

आरओ. क्षार, नायट्रेट, फ्लोराइड काढतं. पाण्याचा टीडीएस खरोखर जास्त असेल, किंवा अहवालात नायट्रेट, फ्लोराइड मर्यादेबाहेर असेल तर उपयोगी. पण नळाच्या पाण्याचा टीडीएस ५०० च्या आत असेल तर त्याची गरज नाही. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये अशा ठिकाणी आरओवर बंदी घालण्याचे निर्देश दिले होते, ते पाणी वाया जातं म्हणूनच. हिशोब करून बघा. एक लिटर पाण्यामागे दोन ते तीन लिटर बाहेर जातं. घरात पिण्या-शिजवण्याला रोज २० लिटर लागलं तर ४० ते ६० लिटर रोज नाल्यात. आठ दिवसांत ३२० ते ४८० लिटर. १००० लिटरच्या टाकीतला तिसरा हिस्सा ते जवळजवळ निम्मी टाकी! मशीन असेलच तर ते पाणी बादलीत धरा, फरशी आणि शौचालयासाठी वापरा. आणि लक्षात ठेवा, आरओमधून निघालेल्या पाण्यात क्लोरीन नसतं, म्हणून ते उघड्या मटक्यात चार दिवस ठेवू नका.

सॉफ्टनर. कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम देतं. दर १०० मिलीग्राम कठीणपणामागे सुमारे ४६ मिलीग्राम सोडियम पाण्यात येतं. कपडे आणि गिझरसाठी ठीक. रक्तदाब असणाऱ्यांनी ते पिऊ नये. एक गंमत मुलांना सांगण्यासारखी: असं पाणी मऊ करण्यासाठी सुरुवातीला झिओलाइट नावाची खनिजं वापरत, आणि आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत सापडणारे झिओलाइटचे सुंदर स्फटिक जगभरच्या संग्रहांत आहेत.

जार. थंड आहे म्हणून शुद्ध आहे असं नाही. सील, परवाना क्रमांक आणि तारीख नसलेला जार म्हणजे कुणाचं तरी बोअरचं पाणी थंड करून आलेलं असू शकतं.

विक्रेत्याचा लाल पाण्याचा खेळ

दारावर एखादा माणूस येतो. दोन ग्लास घेतो, एकात तुमचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत लोखंडी सळ्यांचं यंत्र बुडवून वीज सोडतो. तुमचं पाणी तपकिरी, फेसाळ होतं, त्याचं तसंच राहतं. अम्मी घाबरते, मशीन विकलं जातं.

ती घाण तुमच्या पाण्यातून आलेली नसते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे सळईचं लोखंड झिजून पाण्यात उतरतं. तो गंजाचा रंग आहे. आरओच्या पाण्यात क्षार फार कमी, म्हणून वीज वाहत नाही. त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा. त्याचंही पाणी तपकिरी होईल.

तपासणी कशी करायची?

घरी: दोन सारख्या बाटल्या घ्या. एकात साठवलेलं पावसाचं किंवा आरओचं पाणी, दुसऱ्यात तुमचं. अंगाचा साबण किसून पाण्यात विरघळवा, त्याचे दहा-दहा थेंब दोन्हींत टाका, हलवा. जिथं फेस कमी आणि पांढरा साका जास्त, ते पाणी जड. इथं कपड्याची पावडर चालत नाही, ती जड पाण्यातही फेस देते.

क्लोरीनसाठी ओटी नावाच्या द्रावणाचे थेंब मिळतात. नळ आल्यावर लगेच घेतलेल्या पाण्यात पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. रंग नाही आला तर ते पाणी उकळूनच प्या.

प्रयोगशाळेत: जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासतात. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली तिथूनच घ्या. नळाचं तोंड पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, बाटलीच्या आत बोट लागू देऊ नका. नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोचवा. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून भरा. शक्य असेल तर दोन नमुने द्या, एक नळाशी आणि एक टाकीतला. पहिला चांगला आणि दुसरा खराब आला तर दोष घरातला. दोन्ही खराब तर गल्लीतल्या जलवाहिनीचा, आणि मग तो कागद जोडून सगळ्या गल्लीनं मिळून लेखी तक्रार करावी. "पाणी घाण येतं" या बोलण्यापेक्षा अहवालाच्या एका कागदाला जास्त वजन असतं.

मशीद, मदरसा आणि शाळा

अनेक मशिदींत बोअर आहे. वुजूसाठी ते पाणी ठीक. अडचण तेव्हा येते जेव्हा तेच पाणी कूलरला जोडलेलं असतं आणि नमाजी, मुसाफिर, मक्तबची मुलं तेच पितात. आमची कमिट्यांना विनंती आहे: पिण्याचा नळ वेगळा ठेवा, त्यावर पाटी लावा, कूलरची टाकी दर महिन्याला घासा आणि वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यात, तपासणी करा. वाहत्या नदीकाठीही पाण्याचा इसराफ नको ही शिकवण आपल्याला आहे. नळाला बारीक धार ठेवली तर थर कमी बसतो आणि पाणीही वाचतं. वुजूखान्याचं पाणी झाडांना देता येतं.

दर पाण्याच्या दिवशी करायच्या सहा गोष्टी

१. नळ आल्यावर पहिली काही मिनिटांची धार, वास आणि गढूळपणा जाईपर्यंत, पिण्याच्या भांड्यात घेऊ नका. ती फरशीला, शौचालयाला.
२. पिण्याचं पाणी वेगळ्या, झाकणाच्या आणि तोटीच्या भांड्यात. तोटी नसेल तर लांब दांड्याचा डोया. मग बुडवायचा नाही.
३. हौदाचं झाकण पक्कं, काठ जमिनीपेक्षा उंच.
४. आठवड्यातून एकदा सगळी भांडी, ड्रम रिकामे करून घासा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात. रिकामा करता येत नाही तो ड्रम कापडानं घट्ट बांधा.
५. पावसाळ्यात, आणि गल्लीत कुणाला कावीळ किंवा जुलाब असतील तेव्हा, पाणी उकळूनच.
६. जुलाब झाले तर ओआरएसचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात द्या, मूल सुस्त पडलं तर दवाखान्यात न्यायला उशीर नको.

त्या मुलाच्या अब्बूंनी नंतर हौदाला नवं झाकण केलं आणि अंगणात तोटीचा माठ ठेवला. दोन्हींचा खर्च त्यांच्या मशीनच्या एका वर्षाच्या दुरुस्तीपेक्षा कमी होता. मूल दीड महिन्यानं वर्गात परत आलं, अशक्त होतं पण बरं होतं. पातेल्यातला पांढरा थर त्यांच्या घरी अजूनही आहे. तो राहू द्या, त्यानं काही बिघडत नाही. झाकण तेवढं आजच बघून घ्या.